वाड्याची वही

हस्त नक्षत्र कोरडं चाललं की आबाजींना घरात बसवत नसे. धान निसवायला आलेला, बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडू लागलेल्या आणि अख्ख्या गावाचे डोळे तलावाकडे. आबाजी गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ जाईल हे बघायचं काम त्यांचं. पहाटे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जायचं, पाण्याला हात लावून तो कपाळाला न्यायचा, धोतराचा काचा मारायचा आणि तुडुमाजवळ बुडी घ्यायची.

ज्यांनी तुडुम पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तलावाच्या पाळीच्या पोटातून एक मोरी पलीकडच्या पाटात निघते. तलावाच्या बाजूला तिच्या तोंडाशी एकाखाली एक भोकं असतात आणि प्रत्येक भोकात लाकडाचा खुटा ठोकलेला असतो. पाणी उतरत जाईल तसतसा खालचा खुटा काढायचा. वरचे खुटे उभ्याने निघतात, खालच्यांसाठी मात्र डोकं पाण्याखाली न्यावंच लागतं. आबाजी खाली गेले की पाळीच्या पलीकडे माणसं पाटावर ओणवी होऊन बसत. आधी काहीच नसे, मग मोरीतून घुमल्यासारखा आवाज येई, आणि मग पाणी. गढूळ, थंड, शेवाळाच्या वासाचं. आबाजी वर येत तेव्हा त्यांच्या उजव्या कानातून पाणी गळत असे. तो कान पुढे कायमचाच गेला. आम्ही नातवंडं त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलायचो.

हे बहुतेक मी ऐकलेलं आहे. माझ्या लहानपणी आबाजी थकले होते, पण तुडुम त्यांनी मला हात धरून दाखवला होता.

तलाव मात्र मालगुजाराचा. आजही आमच्याकडे या तलावांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मला बरीच वर्षं वाटायचं की कोणाच्या तरी मामाचा असेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. यांतले बरेचसे बांधले कोहळी समाजाच्या लोकांनी. गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमिनी दिल्या, असं आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नवेगाव बांधचा तो समुद्रासारखा तलाव अठराव्या शतकात कोलू पटेल कोहळी यांनी बांधला. तिथे निदान बांधणाऱ्याचं नाव तरी टिकलं. आमच्या गावच्या तलावाबद्दल कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं, ‘मालगुजारानं बांधला.’ पाळीवर माती कोणी टाकली, धुम्मस कोणी मारलं, दगड कोणी रचले हे त्या वाक्यात मावत नाही.

मालगुजार या शब्दाचा अर्थ सारा भरणारा. नागपूरच्या भोसल्यांच्या काळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा पटेल होता, त्याच्या हातात अधिकार होता, पण गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. 1853मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, दत्तक नामंजूर झाला आणि 1854मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. 1861मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्या दशकातल्या जमीन बंदोबस्तात इंग्रजांनी या सारा भरणाऱ्यांना मालकी हक्क देऊन टाकले. एका कागदानं गावाचा कारभारी गावाचा मालक झाला. तलाव, आमराई, पडीक, गावठाण, सगळं त्याचं. तिकडे वऱ्हाडात रयतवारी आली, तिथे देशमुख-देशपांड्यांचा तोरा वेगळ्या वाटेनं टिकला. आमच्याकडे, वैनगंगेच्या या अंगाला, खानदान म्हणजे मालगुजार, आणि खानदानाचा पत्ता म्हणजे वाडा.

वाड्याला पुढे उंच ओटा होता. त्या ओट्यावर कोणी बसायचं, कोणी पायरीवर टेकायचं आणि कोणी खाली अंगणात उभं राहायचं हे कोणी कोणाला शिकवत नसे. लेकरू चालायला लागलं की त्याला कळत असे. आबाजी अंगणात उभे राहत. पाण्याची पाळी ठरवायला सगळे जमत तेव्हा तलावातली सगळ्यात जास्त माहिती आबाजींना असे. कोणता खुटा सडला, मोरीत झाड कुठे शिरलं, किती दिवसांचं पाणी उरलं, हे सांगायचे तेच. पण सांगायचे अंगणातून, मान वर करून. त्यांना हाक पडे ती नावाच्या शेवटी ‘या’ लावून. झाडीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात, ज्याला मान द्यायचा त्याच्या नावाला ‘जी’ लागतो. परक्या माणसालाही लागतो. आबाजींना घरात, भावकीत, बाजारात ‘जी’ होता. वाड्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तो गळून पडायचा आणि ‘या’ लागायचा.

मला मालगुजारीचं जे काही समजलं ते या दोन अक्षरांतून समजलं. बाकीचं मी पुढे वाचून काढलं.

पण वाड्यानं गावाला जे दिलं तेही खरंच सांगितलं पाहिजे. आमच्या झाडीपट्टीत नाटकाचं वेड आहे. दिवाळी झाली, धान कापून झाला, की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. आता वडसा गावच्या नाटक कंपन्या येतात, शेतात मंडप पडतो, तिकीट लागतं. बाबांच्या तरुणपणी गावातलीच माणसं नाटक करत. त्याआधी दंडार हे लोकनाट्य होतं. तालमीला जागा वाड्याच्या कोठाराची, गॅसबत्त्या वाड्याच्या, पेटी-तबलेवाल्यांच्या जेवणाचा तांदूळ वाड्याचा. आणि राणीचा शालूही वाड्याचाच.

ही राणी म्हणजे माझे बाबा. बायका तेव्हा रंगमंचावर येत नसत. बाबा सडपातळ, आवाज पातळ, चेहरा गोल, म्हणून राणीचं काम त्यांच्याकडे ठरलेलं. नाटकाच्या संध्याकाळी दिवाणजी पांढऱ्या धडप्यात बांधून मालगुजारीणबाईंचा अंजिरी शालू घेऊन येत. पहाटेच्या आत तो परत द्यायचा. बाबा सांगत, पदराची जर एवढी जड होती की खांद्यावर कोणी हात ठेवल्यासारखं वाटे. आजी त्या शालूला हात लावायची नाही. लांब उभी राहून म्हणायची, ‘सांभाळ बाप्पा, काटा लागंल.’

मालगुजार पहिल्या रांगेत खुर्चीवर. मागे बाया-माणसं तणसावर, पोत्यांवर. आणि समोर आमचे बाबा, दिवसा ज्यांना ओट्यावर पाऊल ठेवता येत नव्हतं ते, वाड्याच्या शालूत, राजाला सुनावतायत. मी एकदा त्यांना विचारलं की राणीसारखं चालायला कोणी शिकवलं. म्हणाले, ‘वाड्यातल्या बाईले पायलं होतं ना. ते पाय उचलत नव्हती, जमिनीवरून नेत होती. अन्‌ मान हालवत नव्हती. ज्याले कोणाले वाकून पाहा लागत नाई, त्याची मान तशीच रायते.’

हे बाबांचं निरीक्षण मला फार मोठं वाटतं. वरच्या माणसांचं चालणं-बोलणं खालच्या माणसांनी इतकं बारकाईनं पाहिलेलं असतं, कारण त्यावर त्यांचा दिवस अवलंबून असतो. नट होण्याची शाळा ती.

त्या नाटकांतली भाषाही आठवते. राजा, राणी, प्रधान बोलत ते पुस्तकी मराठीत, लांबलचक वाक्यांत. नोकर, शेतकरी, कोतवाल आला की झाडीबोली सुरू, आणि लोक हसायला लागत. आम्ही आमचीच बोली ऐकून हसायचो. पुढे शाळेत ‘आमी जाऊन रायलो’ म्हटलं म्हणून मला वर्गात उभं केलं गेलं, तेव्हाही पोरं तशीच हसली होती. थोरांनी बोलायची भाषा एक आणि हसायची भाषा दुसरी, हे आधी आम्हाला नाटकानं पढवलं, मग शाळेनं. आता मी स्वतः मराठी शिकवते. कोणी पोट्टा ‘मॅडम, मी आणून रायलो’ म्हणाला की मी त्याला दुरुस्त करत नाही, कारण त्याचं काही चुकलेलं नसतं.

या दोन भाषांचा विचार डोक्यात होता म्हणूनच रिद्धपूरला जायचं होतं. लेकीच्या परीक्षेसाठी अमरावतीला गेले, तेव्हा दुपार मोकळी मिळाली आणि तिकडे गेले. महानुभावांची काशी ते गाव. पण त्याआधी कित्येक शतकं त्या गावाशी एक ताम्रपट जोडलेला आहे. पाचव्या शतकातला, वाकाटकांच्या घरात आलेल्या प्रभावतीगुप्तेचा, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या लेकीचा. संस्कृतात आहे. त्यात तिनं एक शेत दान दिलं, शेताबरोबर एक घर दिलं आणि कुणब्यांच्या चार झोपड्या दिल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. शेत दिलं हे समजतं. झोपड्याही दिल्या, म्हणजे त्यांत राहणारेही शेताबरोबर गेले. दान घेणाऱ्याचं गोत्र, देणारीची माहेर-सासरची वंशावळ, सगळं तांब्यावर कोरलेलं. झोपड्या फक्त मोजलेल्या, चार.

राजांनी वाङ्मय केलं, करवून घेतलं, जपलं, हे खोटं नाही. याच प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन स्वतः कवी, त्याचं ‘सेतुबंध’ प्राकृतात आहे. वाकाटकांच्याच वाशीमच्या शाखेतला सर्वसेनही कवी होता. त्याहून जुन्या गाथासप्तशतीवर सातवाहन राजा हालाचं नाव आहे, आणि आत पाहावं तर शेतकरी, त्यांच्या बायका, गावचा मुखिया, पावसाची वाट, धान राखणारी पोरगी. गावानं जगलेली कविता राजाच्या नावानं आपल्यापर्यंत आली. संग्रह करवणारा नसता तर ती पोहोचलीच नसती, हेही तितकंच खरं, आणि त्याबद्दल मी हालाची ऋणी आहे.

पण रिद्धपूरलाच, 1278च्या सुमारास, म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र रचलं ते बोलत्या मराठीत. ज्या गावच्या ताम्रपटात झोपड्यांची फक्त संख्या होती, तिथेच आठशे वर्षांनी साध्यासुध्या माणसांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं गेलं. मी त्या गावच्या चौकात उभी राहून बराच वेळ घरांकडे बघत राहिले. परतीची एसटी चुकली.

आता राजकारणाचं सांगते. 1937च्या निवडणुकीतसुद्धा मत सगळ्यांना नव्हतं. सारा भरणारा, मालमत्तेचा, शिकलेला, अशांनाच होतं. आबाजींनी पहिलं मत दिलं ते 1952 साली. कोणाला दिलं असं विचारलं तर हसून म्हणायचे, ‘वाड्यानं सांगतलं त्याले.’ त्याच्या वर्षभर आधीच, 31 मार्च 1951ला, मालगुजारी कायद्यानं संपली होती. मध्य प्रदेश सरकारचा 1950चा मालकी हक्क निर्मूलन कायदा, तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. तलाव, जंगल, पडीक सरकारजमा झालं. मालकाची घरची शेती, जिला सीर आणि खुदकाश्त म्हणत, ती त्याच्याकडेच राहिली. म्हणजे सर्वांत चांगल्या बांध्या, तलावाच्या अगदी खालच्या. सोसायटी निघाली तेव्हा अध्यक्ष वाड्यातला, ग्रामपंचायत आली तेव्हा सरपंच वाड्यातला. यात कोणी जबरदस्ती केली असं नाही. लिहिता-वाचता, तहसीलदाराशी बोलता, नागपूरला जाऊन येता येणारी माणसं तिथेच होती.

मग 73वी घटनादुरुस्ती झाली, राखीव जागा आल्या आणि माझी माय सदस्य म्हणून निवडून आली. माय शाळेत गेलेली नाही. पहिल्या मासिक सभेला ती धुवट नऊवारी नेसून गेली. मी तेव्हा सुट्टीत घरी होते, तिला पोहोचवायला गेले. खोलीत टेबल, सात खुर्च्या आणि कडेला एक जाजम. माय आत गेली, सगळ्यांना हात जोडले आणि जाजमावर बसली. एक खुर्ची रिकामी होती. सरपंच वाड्यातलेच, मालगुजारांचे पुतणे, भला माणूस. ते उठून म्हणाले, ‘बाई, वर बसा.’ माय म्हणाली, ‘असू द्या, इथंच बरं हाय.’ पाच वर्षांतली पहिली दोन वर्षं ती जाजमावर बसली. पुढे खुर्चीवर बसू लागली, पण टोकावर, उठायच्या बेतात असल्यासारखी.

मी चिडायचे. कायदा झाला, निवडून आलीस, कोणी अडवत नाही, मग का? ती एकदाच म्हणाली, ‘बसता नाई येत वो बाई. पाय लटकते.’

आबाजींचं अंगण, बाबांची राणी आणि मायचे लटकणारे पाय, तिन्ही एकाच घरातली. 1950च्या कायद्यानं जमिनीचे दाखले बदलले. अंगानं शिकलेलं बदलायला आमच्या घरात तीन पिढ्या लागल्या आणि अजून थोडं बाकी आहे.

दुसरीकडे तलावाचं काय झालं ते मला अधिक लागतं. मालगुजाराचा जीव तलावात होता, कारण पाळ फुटली तर पहिली त्याची सीर वाहून जाई. म्हणून दर उन्हाळ्यात गाळ निघे, पाळीवर माती पडे, सांडव्याचे दगड सरळ होत. त्यासाठी गावाला बेगारीतही राबवलं जाई आणि आबाजींच्या पिढीनं ते भोगलं. तो काळ परत यावा असं मला एका क्षणासाठीही वाटत नाही. पण काम होत असे. शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले. आमच्या तुडुमाच्या जागी लोखंडी गेट बसवलं, ते गंजून अडकलं, आणि गळणारं पाणी थांबवायला कोणीतरी सिमेंटची पोती टाकली. पाळीवर बेशरमाची झुडपं माजली. तलावाच्या पोटात गाळ भरत गेला तसं कमळ गेलं, ढेस गेली, मरळ, बोटऱ्या हे मासे कमी झाले. पाणकर हे पदच उरलं नाही. मालक गेला तेव्हा त्याचा हक्क सरकारनं घेतला. त्याचं काम ना सरकारनं नीट घेतलं, ना आम्ही. यात मी गावालाही सोडत नाही. आम्ही वाड्याकडून मान ताठ ठेवणं शिकायची धडपड केली आणि पाळीवर दर वैशाखात माती टाकायची असते हे विसरलो.

गेल्या उन्हाळ्यात गाळ काढायच्या सरकारी योजनेत आमच्या तलावाचा नंबर लागला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्याच्या पोटाला खोरं लागलं. जेसीबीनं एका बाजूचा गाळ उपसला तेव्हा जुन्या तुडुमाचे दगड उघडे पडले, आणि दोन भोकांत खुटे तसेच होते, काळे, दगडासारखे घट्ट. ते बघायला मी गेले होते. तिथे वाड्यातला नातू भेटला. माझ्याच वयाचा, नागपूरला असतो, वाडा आता निम्मा पडलाय. तो म्हणाला, ‘ताई, कोठार साफ करताना वह्या सापडल्या. एकीत तलावाचा हिशेब आहे. तुम्ही मराठीच्या, तुम्हाला वाचता येईल. घेऊन जा.’

त्यानं मला ओट्यावर बसायला सांगितलं. मी बसले. वही लाल खादीच्या बासनात होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या. काही पानं मोडीत, काही बाळबोध. 1943च्या उन्हाळ्याचा तलावकामाचा हिशेब बाळबोधात होता. तारीख, काम, माणूस, दिवस, धान. ‘पाळीवर माती.’ ‘सांडव्याचे दगड.’ पुढे नावांची रांग, चौसष्ट नावं, प्रत्येकासमोर पायल्या. चार झोपड्यांचा ताम्रपट वाचून मी ज्यासाठी हळहळले होते ते माझ्या गावात वाड्यानंच लिहून ठेवलं होतं. हिशेबापुरतं का होईना, नाव होतं.

‘तुडुम, खुटे नवे, बुडी’ या ओळीसमोर आबाजींचं नाव होतं. शेवटी ‘या’ लावलेलं. तीन पायल्या.

वही घेऊन मी घरी आले. माय सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘वाच.’ मी पहिल्यापासून वाचायला लागले. सगळ्या नावांना तोच ‘या’. पहिलं नाव वाचलं, मायनं सूप खाली ठेवलं आणि तेच नाव परत म्हटलं, ‘जी’ लावून. मग म्हणाली, ‘हा आपल्या पाटावरच्या घराचा आजा.’ दुसरं वाचलं, तिनं पुन्हा ‘जी’ लावला आणि त्याचं घर सांगितलं. तिसरं. चौथं. मी लिहिलंय तसं वाचत होते, ती ‘जी’ लावून परत म्हणत होती. आबाजींचं नाव आलं तेव्हा तिनं सासऱ्याचं नाव घेतलं नाही, डोक्यावर पदर ओढला आणि मला खूण केली. मग मी वाचलं, ‘जी’ लावून. अजून चाळीसच्या वर नावं राहिली होती. दिवे लागायची वेळ झाली होती. माय म्हणाली, ‘थांबू नको, पुढं वाच.’